दम खाऊ द्या! आल्फ्रेड ब्यूखी आणि त्याचा टर्बो

रुडॉल्फ डिझेलचं नाव माहीत नाही असा माणूस आपल्या मेकॅनिकल ब्रँचमध्ये सापडायचा नाही. पण त्याच डिझेल इंजिनाची ताकद जवळपास दीडपट करून दाखवणारा आल्फ्रेड ब्यूखी? जगभरचे इंजिनवाले त्याला टर्बोचार्जरचा जनक मानतात. आपली त्याची ओळख मात्र आय. सी. इंजिनच्या पुस्तकात सुपरचार्जिंगच्या धड्यात होते, आणि तीही एक-दीड ओळीपुरती. पेपरला तो प्रश्न पाच मार्कांचा, त्यामुळे ओळख वाढत नाही.

त्याच्या नावाचीही एक गंमत आहे. मूळ जर्मन उच्चार आपल्या लिपीत नीट बसत नाही. कोणी बुची वाचतं, कोणी बुशी. बुची म्हटलं की बाटलीचं बूच आठवतं, म्हणून इथे ब्यूखीच म्हणू या.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तर हा माणूस रोज भेटतो. दुर्गापूर, पद्मापूर, सास्तीच्या खुल्या खाणींतून कोळसा आणि माती घेऊन वर चढणारे डंपर, सूरजागडचं लोहखनिज घेऊन आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याने धावणारे ट्रक, जंगलातल्या गावांना जाणारी एस.टी., चौकात सवारी भरणारी काळी-पिवळी, या बहुतेक सगळ्यांच्या पोटात आज त्याचा टर्बो फिरतो. लोड घेऊन आलेला जुना ड्रायव्हर गाडी उभी केल्या केल्या चावी फिरवत नाही, हेही तुम्ही पाहिलं असेल. इंजिन संथ चालू ठेवून तो खाली उतरतो, तोंडावर पाणी मारतो, टायरला लाथ मारून बघतो, खर्र्याची पुडी सोडतो. दोन-तीन मिनिटं जातात, मग इंजिन बंद. गाडीला दम खाऊ देणं म्हणतात ते हेच. नव्या पोरांना हा नुसता डिझेलचा नास वाटतो. कोण बरोबर, हे ठरवायचं तर ब्यूखीच्या गावाला जावं लागतं, कारण ज्या अडचणीसाठी हा ड्रायव्हर थांबतो, तीच अडचण ब्यूखीला वीस वर्षं नडली.

स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर नावाचं एक गाव आहे. गाव कसलं, कारखान्यांचं शहरच. सुल्झर बंधूंचा मोठा कारखाना तिथे होता. वाफेची इंजिनं, पंप, पुढे डिझेल इंजिनं असं सगळं तिथे बनायचं. ११ जुलै १८७९ रोजी आल्फ्रेडचा जन्म याच शहरात झाला. वडील योहान ब्यूखी सुल्झरमध्ये वरच्या हुद्द्यावर होते. म्हणजे आपल्याकडच्या चरित्रांत लागतो तसा रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास या गोष्टीत नाही. पोरगा खात्यापित्या घरचा, आणि लहानपणापासून आजूबाजूला यंत्रंच यंत्रं. योगायोग असा की त्याच १८७९ साली एक तरुण जर्मन विद्यार्थी अनुभवासाठी सुल्झरच्या कारखान्यात काम करत होता. आजारपणामुळे त्याची परीक्षा हुकली होती आणि पुढची परीक्षा येईपर्यंत वेळ होता. हा विद्यार्थी म्हणजे रुडॉल्फ डिझेल.

डिझेलने आपलं इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबुर्गला यशस्वी करून दाखवलं. त्याची कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपुढे हा आकडा म्हणजे चमत्कार होता. आल्फ्रेड तेव्हा अठरा वर्षांचा. १८९९ मध्ये त्याने झुरिकच्या नामांकित तंत्रविद्यापीठात मेकॅनिकलला प्रवेश घेतला आणि १९०३ मध्ये तो इंजिनिअर होऊन बाहेर पडला. मग काही वर्षं बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकरी. बेल्जियममध्ये तो गेंट शहरातल्या कारेल्स बंधूंच्या कारखान्यात होता. डिझेल इंजिनं बनवायला घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांपैकी तो एक.

इथेच त्याच्या डोक्यात किडा वळवळला. आपण लॅबमध्ये हीट बॅलन्स शीट काढतो ना? इंधनाची शंभर टक्के उष्णता घ्यायची आणि ती कुठे कुठे गेली याचा हिशोब मांडायचा. ढोबळमानाने एक तृतीयांश शाफ्टवर काम म्हणून मिळते, एक तृतीयांश थंड करणाऱ्या पाण्यात जाते आणि उरलेली एक तृतीयांश सायलेन्सरमधून आकाशात. आपण हा तक्ता जर्नलमध्ये उतरवतो, सही घेतो आणि विसरतो. ब्यूखीला ही शेवटची ओळ सहन होईना. इंजिनाच्या बाहेर पडणारा धूर तापलेला आहे, दाबाखाली आहे, मग त्यावर एक टर्बाइन का फिरवू नये? आणि त्याच टर्बाइनच्या जोरावर कॉम्प्रेसर फिरवून इंजिनात जास्त हवा का कोंबू नये? जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे तेवढ्याच सिलिंडरमधून जास्त ताकद. १६ नोव्हेंबर १९०५ या तारखेचं त्याचं जर्मन पेटंट आहे, क्रमांक २०४६३०. त्यात कॉम्प्रेसर, पिस्टनचं इंजिन आणि टर्बाइन अशी एकामागोमाग मांडणी होती. पेटंट घेतलं तेव्हा हा गडी सव्वीस वर्षांचा होता.

कल्पना कागदावर इतकी सोपी की पहिल्या वर्षाच्या पोरालाही पटावी. मग ती चालायला वीस वर्षं का लागली?

मला वाटतं ब्यूखीच्या आयुष्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच, आणि आपली पुस्तकं तोच गाळतात. त्या काळी गॅस टर्बाइन ही चीज नुकतीच रांगत होती. फ्रान्समध्ये १९०६ च्या सुमारास एक बनली, तिची कार्यक्षमता जेमतेम ३ टक्के. कॉम्प्रेसरही तसेच दुबळे. साधा हिशोब करा. टर्बाइन ६० टक्के कार्यक्षम आणि कॉम्प्रेसरही ६० टक्के, तर दोन्ही मिळून ३६ टक्के. धुरातून घेतलेल्या शक्तीचा मोठा हिस्सा मधेच गायब. आणि दुसरी अडचण याहून वाईट, ती धातूची. एका शाफ्टच्या एका टोकाला पाच-सहाशे अंश सेल्सिअसचा धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची थंड हवा, आणि मधे बेअरिंग, जे तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहायला हवं. त्या तापमानाला टिकणारं पोलाद तेव्हा सहज मिळत नव्हतं. पाती ताणली जायची, आणि उष्णता शाफ्टमधून सरकत सरकत बेअरिंगपर्यंत यायची. ती अडवायची कशी, हा खरा प्रश्न होता.

ब्यूखी १९०९ मध्ये विंटरथूरला परतला आणि सुल्झरमध्ये डिझेलच्या संशोधनाला लागला. १९११ मध्ये टर्बोसाठी प्रयोगांची सोय झाली. चार वर्षं खपून १९१५ मध्ये पहिला नमुना तयार झाला. डोंगरावरच्या विरळ हवेत विमानाच्या इंजिनाचा दम उखडतो, त्यावर उपाय म्हणून. तो चालला, पण भरवशाने नाही, हवेचा दाब टिकेना. त्याच वर्षी त्याने बाडेनच्या ब्राउन बोव्हेरी कंपनीशी बोलणी सुरू केली. टर्बाइन बनवण्यात ही कंपनी तरबेज. पण तिला हे काम पटायला १९२३ उजाडलं. बोलणी सुरू झाल्यापासून आठ वर्षं! दरम्यान महायुद्ध होऊन गेलं. फ्रान्समध्ये रातो, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस असे दुसरे लोक विमानांसाठी टर्बो बनवू लागले होते. मॉसने तर १९१८ मध्ये आपलं यंत्र कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या ४३०० मीटर उंच शिखरावर नेऊन तपासलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, गेली गाडी हातची. ब्यूखी आपल्या डिझेललाच धरून राहिला.

फळ मिळालं ते समुद्रावर. जर्मन सरकारच्या वाहतूक खात्याने ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ अशी दोन प्रवासी जहाजं १९२३ मध्ये बांधायला दिली. प्रत्येकात दहा सिलिंडरची दोन डिझेल इंजिनं. ब्यूखीच्या देखरेखीखाली ब्राउन बोव्हेरीने बनवलेले टर्बो लावल्यावर इंजिनाची ताकद १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. सुमारे ४३ टक्के वाढ, आणि तीही आधी आकाशात जाणाऱ्या धुरातून.

१९२५ मध्ये त्याने जे पेटंट मागितलं ते माझ्या मते पहिल्यापेक्षा भारी आहे. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकाच मोठ्या नळीत कोंबायचा नाही. फायरिंग ऑर्डर बघून सिलिंडरचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाची अरुंद नळी टर्बाइनपर्यंत वेगळी न्यायची, म्हणजे एकाच्या धुराचा धक्का दुसऱ्याला आडवा येत नाही. सहा सिलिंडरच्या ट्रकचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वर्कशॉपमध्ये खोलून बघा. पुढचे तीन आणि मागचे तीन वेगळे दिसले, की समजा ब्यूखीची नळी हाताला लागली. दुसरी गोष्ट व्हॉल्व्ह ओव्हरलॅपची. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटायच्या आधीच इनलेट उघडायचा. टर्बोने दाबलेली ताजी हवा सिलिंडरमधून आरपार जाते, उरलासुरला धूर झाडून काढते आणि जाता जाता व्हॉल्व्ह, पिस्टन आणि टर्बाइनची पातीसुद्धा थंड करते. ज्या उष्णतेने त्याला वीस वर्षं रडवलं, तिच्यावर त्याने हवेचाच पंखा धरला.

पुढे १९२६ मध्ये ब्यूखी सिंडिकेट उभं राहिलं. ब्यूखीकडे डिझाइन आणि गिऱ्हाइकं सांभाळण्याचं काम, ब्राउन बोव्हेरीकडे टर्बो बनवण्याचं, आणि विंटरथूरच्या लोकोमोटिव्ह कारखान्याकडे चाचणीसाठी इंजिनं देण्याचं. जगभर परवाने दिले गेले. अमेरिकेत एलियट कंपनीने परवान्यावर ब्यूखी पद्धतीचे टर्बो बनवले, ते अल्को कंपनीच्या रेल्वे इंजिनांत बसले. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या झाउररने ट्रकच्या इंजिनालाही टर्बो लावला.

जहाजाचा टर्बो ट्रकमध्ये आला, तेव्हा ब्यूखीची जुनी अडचण पुन्हा समोर आली, ती वेगळ्या रूपात. जहाजाचं इंजिन दिवसच्या दिवस एका लयीत चालतं आणि बंदरात येताना हळूहळू उतरतं. शिवाय त्याच्याजवळ इंजिनिअर उभा असतो. ट्रक तसा नाही. तो चढाव फुल लोडवर चढून येतो आणि वर पोचला की कोणी तरी खटकन चावी फिरवतो.

तेव्हा आत काय होतं ते बघू. ट्रकच्या टर्बोचा शाफ्ट बोटाएवढा, पण फिरतो मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे. एवढ्या वेगाला त्यात बहुधा बॉल बेअरिंग नसतं, तरंगतं बुश असतं. बुशच्या आतून तेलाचा थर, बाहेरून तेलाचा थर. हे तेल इंजिनाच्याच पंपाकडून येतं, आणि त्याला दोन कामं असतात, वंगण करणं आणि टर्बाइनकडून शाफ्टवाटे येणारी उष्णता वाहून नेणं. लोडवर टर्बाइनच्या तोंडाशी धूर सहाशे अंशांच्या पुढे असतो. चावी बंद केली की इंजिन थांबतं आणि त्याच क्षणी तेलाचा पंपही थांबतो. शाफ्ट मात्र लगेच थांबत नाही. वेगात असेल तर तो पुढचे काही क्षण तेल न मिळता फिरत राहतो. पण खरा घोळ त्यानंतर होतो. आपल्याला वाटतं, इंजिन बंद केलं, आता सगळं निवायला लागेल. बेअरिंगचं मात्र तापमान बंद केल्यावर वाढतं! टर्बाइनचं चाक आणि बिडाचं जाड घर तापलेलं असतं. उष्णता घेऊन जायला तेल वाहत नाही, मग ती शाफ्टमधून बेअरिंगकडे सरकते आणि तिथे साचलेलं तेल भाजून काढते. घरच्या तळणाच्या कढईला बाहेरून जो काळा, टणक थर बसतो आणि घासून घासून निघत नाही, तसाच थर शाफ्टवर आणि तेलाच्या बारीक वाटेत बसतो. याला कोकिंग म्हणतात. एका दिवसात काही बिघडत नाही, म्हणूनच पोरांना पटत नाही. पण रोज एक-एक पापुद्रा चढतो. वाट अरुंद होते, तेल कमी पोचतं, बुश झिजतं, शाफ्ट हलायला लागतो, चाकाची पाती घराला घासतात, सीलमधून तेल निसटतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. खाणीत एक डंपर असा उभा राहिला, तर त्याच्या फेऱ्या जातात आणि शॉव्हेलही वाट बघत बसतो. जंगलातल्या रस्त्यावर लोडचा ट्रक उभा राहिला तर काय होतं, ते गडचिरोलीकडच्या पोरांना सांगायला नको.

आता तो संथ चालवण्याचा उपाय. आयडलिंगला इंजिन इंधन थेंबभर घेतं. पण डिझेलला पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे हवा मात्र सिलिंडर भरून घेतं. म्हणून बाहेर पडणारा धूर खूपच निवळलेला, शे-दोनशे अंशांचा असतो. तोच धूर टर्बाइनवर फुंकर घालतो आणि तेलाचा पंपही चालू असतो. सव्वीसाव्या वर्षी ज्या शाफ्टने ब्यूखीला छळलं, त्याचं तापमान उतरवायची शेवटची दोन मिनिटं कारखानदारांनी ड्रायव्हरच्या हवाली केली आहेत.

किती वेळ? मोठ्या इंजिनांची मॅन्युअल्स साधारण तीन ते पाच मिनिटं सांगतात. आणि डिझेलचा नास? ट्रकचं इंजिन आयडलिंगला तासाला ढोबळ दोन-तीन लिटर पितं. म्हणजे तीन मिनिटांना शंभर-दीडशे मिलिलिटर. टर्बोच्या किमतीपुढे हा खर्च किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण उलट टोकालाही जाऊ नये. काही जण चहा-नाश्ता होईपर्यंत अर्धा तास इंजिन घुमवत ठेवतात. त्याने फायदा तर नाहीच, वर सिलिंडर थंड पडून इंधन अर्धवट जळतं, कार्बन साचतो, तेल पातळ होतं. काळी-पिवळी गावातल्या बोळातून शेवटचा किलोमीटर रांगत आली असेल, तर तिचा टर्बो वाटेतच निवलेला असतो. तिला वेगळं थांबवायची गरज नाही. आजकाल पुष्कळ गाड्यांत बेअरिंगच्या घराभोवती पाणी खेळवलेलं असतं, तेलंही सुधारली आहेत, त्यामुळे धोका खूप कमी झालाय. शेवटी लोड किती होता आणि किती वेळापूर्वी, हे बघायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात ४६-४७ अंश होतं, म्हणून मे महिन्यातच गाडीला दम द्यायचा असंही ऐकायला मिळतं. पण सहाशे अंशांच्या टर्बाइनला हिवाळा-उन्हाळ्याच्या वीस-पंचवीस अंशांचं फारसं काही वाटत नाही. भर थंडीतही चढावावरून लोड आणला की नियम तोच.

ब्यूखीने आपल्या टर्बोचे सुगीचे दिवस पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजं, वीजघरं, रेल्वे सगळीकडे टर्बो रुळला. १९५९ च्या २७ ऑक्टोबरला, ऐंशीव्या वर्षी, त्याच विंटरथूरमध्ये तो वारला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, अल्कोची टर्बोवाली डिझेल इंजिनं भारतात आली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. १९६४ पासून ती वाराणसीला बनू लागली आणि पुढची कित्येक दशकं डब्ल्यूडीएम-२ या नावाने भारतभर मालगाड्या आणि एक्स्प्रेस ओढत राहिली. डिझेल शेडमधल्या जुन्या माणसांची एक तपासणी होती. इंजिन बंद केलं की टर्बोची शीळ लगेच थांबत नाही, ती बारीक होत होत विरते. हातात घड्याळ घेऊन ते रोटर थांबायला किती वेळ लागतो ते मोजायचे. तो लवकर थांबला, की आत बेअरिंग धरलंय हे ओळखायचे आणि टर्बो उतरवायला सांगायचे.